वीस मिनिटं, वीस तास

गढूळपणा मोजणाऱ्या कलरीमीटरवर आकडा आला ०.०४. वीस मिनिटांनी पुन्हा ०.०४. आणखी वीस मिनिटांनी ०.०५ आला म्हणून आम्ही चौघी सरसावून बसलो, तर पुढच्या वेळी परत ०.०४. एस.वाय. बीएस्सीचं वर्ष, ठाण्यातलं कॉलेज, सकाळी आठ वाजता लावलेलं ग्रोथ कर्व्हचं प्रॅक्टिकल. शेकरवर फ्लास्क फिरत होता, त्यात फिकट पिवळं न्यूट्रिएंट ब्रॉथ आणि त्यात आम्ही सोडलेले ई. कोलाय. दर वीस मिनिटांनी थोडं ब्रॉथ काढायचं, क्युवेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक नळीत भरायचं, क्युवेटच्या बाजू टिश्यूने पुसायच्या, आकडा वहीत लिहायचा. जंतू वाढले की ब्रॉथ गढुळतं आणि गढूळपणा वाढला की आकडा वाढतो. पण तास उलटून गेला तरी आकडा जागचा हलेना.

मैत्रिणीने वहीत लिहून टाकलं, 'लॅग फेज : काही घडत नाही.' मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. "काही घडत नाही असं लिहायचं नाही. आपल्याला दिसत नाही, असं लिहा."

मग त्यांनी फळ्यावर एक आलेख काढला. जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जंतूंना एकाच वेळी दोन साखरा खायला देऊन पाहिल्या होत्या. ग्लुकोज असेपर्यंत जंतू भराभर वाढले. ते संपल्यावर आलेख सपाट झाला आणि काही वेळाने पुन्हा चढू लागला. त्या सपाट तुकड्यात जंतू दुसरी साखर फोडण्याचं एन्झाइम बनवत होते. वाढ थांबलेली, पण आत भटारखाना पेटलेला. त्या सपाट रेषेचं कारण शोधता शोधता पेशी आपली जनुकं कशी चालू-बंद करते ते उलगडलं, आणि १९६५ चं नोबेल मोनो, जाकोब आणि ल्वॉफ यांना मिळालं.

आमच्या फ्लास्कमध्ये दहाच्या सुमारास ०.०७ आला. मग ०.१३. मग ०.२५. त्यानंतर आकडे लिहायला हात पुरेना. ई. कोलायला मनासारखं खाणं आणि ३७ अंश मिळाले, की दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. दहा तासांत तीस वेळा दुप्पट. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला होता: एका जंतूचे १०७ कोटी. खाणं कुठेच कमी पडलं नाही तर. ते पान अजून माझ्याकडे आहे. पुढे ते कुणाला दाखवावं लागेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

बारावीनंतर माझा मेडिकलचा नंबर लागला नाही. बऱ्याच मार्कांनी हुकला. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याइतके पैसे घरात नव्हते आणि खरं सांगायचं तर मलाही द्यायची नव्हती. बीएस्सीला नाव घातलं. तेव्हापासून आम्हा जीवशास्त्रवाल्यांना विचारले जाणारे दोन ठरलेले प्रश्न माझ्यामागे लागले. मेडिकलला नाही मिळालं का? आणि मग याला स्कोप काय? पहिल्या प्रश्नाचं मला बरीच वर्षं वाईट वाटायचं. आता दुसऱ्याचं वाटतं. करोनाच्या साथीत रात्र रात्र पीसीआर लावणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच विषयांतून आलेले होते. डॉक्टर ज्या रिपोर्टवर बोट ठेवून बोलतात, त्या रिपोर्टमागे कुणीतरी स्लाइड रंगवलेली असते, प्लेट लावलेली असते, दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडून पाहिलेली असते. ते कुणीतरी कुठे शिकतं, हे विचारायचं सहसा कुणाला सुचत नाही.

काकांनी एका दिवाळीत बोटांवर हिशेब केला. बीएस्सी तीन, एमएस्सी दोन, पीएचडी पाच. "म्हणजे दहा. अगं, डॉक्टरसुद्धा साडेपाच वर्षांत होतो की." बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा मी अभ्यास करत होते. दारात थांबून म्हणाले, "बाळा, संपतं कधी गं हे?" त्या विचारण्यात राग नव्हता. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते ऑपरेटर, तीन पाळ्यांची नोकरी. पाळी संपते, बॅच संपते, महिना संपतो. माझं कधी संपणार, हे त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

एमएस्सीला नवी मुंबईत प्रवेश मिळाला. कळव्याहून ठाणे, मग ट्रान्स हार्बरची गाडी. बाबांची जनरल शिफ्ट असली की आम्ही एकाच गाडीने निघायचो, ते जनरलच्या डब्यात, मी लेडीजमध्ये. रबाळ्याला गाडी थांबली की मी खिडकीतून बघायची, गर्दीतून बाबांचा हात वर व्हायचा, गाडी पुढे निघायची.

ऐरोली आलं की मला बीएस्सीची क्षेत्रभेट आठवते. आम्हाला खाडीवर नेलं होतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं आणि २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिवराचं पान मॅडमनी जिभेला लावायला सांगितलं, तर खारट; नको असलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. पण माझ्या लक्षात राहिले ते गुलाबी थव्यातले करडे पक्षी. आम्हाला ती वेगळी जात वाटली. ते कमी वयाचे फ्लेमिंगोच होते. फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतो. अन्नातली रंगद्रव्यं साठत साठत त्याला तो रंग यायला दोन-तीन वर्षं जातात.

एमएस्सीला माझा हात लागला टिश्यू कल्चरला. पेशी शरीराबाहेर जगवायच्या. आमच्याकडच्या पेशी होत्या हेला. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हॉस्पिटलात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दाखल झालेल्या हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या बाईंच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या. त्यांना विचारलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. त्यांच्या पेशी सत्तरहून अधिक वर्षं जगभर वाढताहेत, साधारण दिवसाला एकाच्या दोन होत. तेवढ्या काळात आमच्या घरात तीन पिढ्या झाल्या.

या पेशींचं वेळापत्रक आपल्याला पाळावं लागतं. गोठवायच्या असतील तर हळूहळू, मिनिटाला एक अंश उतरवत. वितळवायच्या असतील तर झटपट, कारण गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन पेशींना बाधतं. नंतर ३७ अंशांचा इन्क्युबेटर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दोन-तीन दिवसांनी नवं मीडियम, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाणं. ताज्या मीडियमचा रंग कोकम सरबतासारखा लालसर गुलाबी असतो. पेशी खातात, आम्ल तयार होतं आणि रंग नारिंगीकडे, मग पिवळ्याकडे सरकतो. फ्लास्क भरला की पेशींची पकड सोडवणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम घालायचं. मायक्रोस्कोपखाली बघत राहिलं तर काचेला चिकटून पसरलेल्या पेशी कडेने आकसतात, गोल होतात आणि तळहाताने फ्लास्कला हलकीशी थाप दिली की सुटून तरंगायला लागतात. दोन-चार मिनिटांचा खेळ. जास्त ठेवलं तर ट्रिप्सिन पेशींनाच खायला लागतं.

एका शनिवारी संध्याकाळी मला गाडी गाठायची होती. पिपेट बदलायला हवी होती, ती न बदलता मी पुन्हा मीडियमच्या बाटलीत घातली. सोमवारी इन्क्युबेटर उघडला तर माझा फ्लास्क पिवळा आणि गढूळ. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक ठिपके वळवळत होते. वीस मिनिटांवाले. चोवीस तासांच्या चालीने चालणाऱ्या पेशींसमोर ते आले की सामना सुरू होण्याआधीच संपलेला असतो. ती बाटली आम्ही तिघी वापरत होतो. एकीचा तीन आठवड्यांचा प्रयोग गेला. चूक माझी आहे हे मी सरांना आणि तिला सांगितलं. तिघींचे फ्लास्क हायपोक्लोराइट घालून मारले, ओतून दिले. ती काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता येऊन तिने गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल वितळवली. मी सव्वासातला पोचले. मला आधी पोचायचं होतं.

भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मुंबईत उभी राहिली ती कमल रणदिवे यांच्या हातून, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या. वडिलांना वाटत होतं मुलीने डॉक्टर व्हावं. मुलीने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. स्तनाच्या कॅन्सरचं आनुवंशिकतेशी काय नातं असावं यावर त्यांनी काम केलं आणि कुष्ठरोगाच्या जंतूवरही. हा जंतू १८७३ मध्ये हॅन्सनने पाहिला, पण तो आजही कुठल्याच कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. प्राण्याच्या शरीरात वाढवला तरी एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. अशा जंतूवर काम करायला घेणाऱ्या माणसाला 'संपतं कधी' हा प्रश्न कितीदा ऐकावा लागला असेल, असं माझ्या मनात येतं. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघ काढला. त्याची इमारत वाशीला आहे, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असलेली. प्रयोगशाळेतल्या बाईला नेमकं काय लागतं, हे त्यांना माहीत होतं.

तिसऱ्या सेमिस्टरला मेडिकल मायक्रोबायोलॉजीचा पेपर होता. मी रात्री मोठ्याने पाठ करत होते: दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणं, वजन घटणं. बाहेरच्या खोलीत बाबा खोकत होते. त्यांना खोकला लागून पाच आठवडे झाले होते. "कंपनीतला वास बसलाय छातीत," असं ते म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायची. पेपर चांगला गेला.

पेपरनंतरच्या रविवारी आई सहज बोलून गेली, "यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून आणलंय चांभाराकडून." मी भाजी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली. पाठ केलेल्या त्या ओळीतला एकेक शब्द माझ्या घरात चालता-फिरता होता, आणि मी तो बाहेरच्या खोलीत सोडून उत्तरपत्रिकेत लिहून आले होते. या गोष्टीची बोच अजून गेलेली नाही.

सोमवारी आम्ही महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलो. थुंकी नको, खोल खोकून आलेला बेडका हवा, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना माझ्यासमोर संकोच वाटला. ते डबी घेऊन बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभे राहिले. मशीनवर तपासणी दोनेक तासांत होते, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला. दोन ओळी होत्या. क्षयाचे जंतू सापडले. रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारे सापडले नाहीत. ते मशीन जंतूच्या आरपीओबी जनुकाचा ८१ अक्षरांचा तुकडा तपासतं. रिफॅम्पिसिन निकामी करणारे बहुतेक बदल त्याच तुकड्यात होतात. महिनाभरापूर्वी मी त्याची आकृती काढली होती, दोन रंगांच्या पेनांनी. बाबांच्या हातातल्या कागदावर ती दुसरी ओळ वाचताना मात्र 'नाहीत' या शब्दावरून माझी नजर हलेना.

कॉलेजात आम्ही क्षयाच्या जंतूची तयार स्लाइड पाहिली होती. कार्बोल फ्युक्सिन ओतून, खालून वाफ येईपर्यंत गरम करून हा रंग आत घालावा लागतो, कारण जंतूभोवती मेणचट कवच असतं. नंतर आम्ल टाकलं की बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी, किंचित वाकलेल्या बारीक काड्या. सुंदर दिसतात. हे लिहायला मला अवघड जातंय, पण दिसतात.

औषधं सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, वजनाच्या हिशेबाने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, ५६ डोस. मग चार महिने तीन औषधं, ११२ डोस. आईने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बाबांच्या खाटेजवळ आणून टांगलं. बाबा रोज गोळी घेतली की तारखेवर फुली मारायचे. लघवी नारिंगी होते म्हणून ते घाबरले होते. तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, म्हणजे औषध अंगात पोचलंय, असं सांगितल्यावर शांत झाले. आईचा आणि माझा एक्स-रे झाला, तो साफ निघाला. तरी आम्हालाही प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे.

दीड महिन्यात खोकला थांबला. बाबा कामावर जायला लागले. पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला. आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला दिसलं की कालनिर्णयावर चार दिवस फुल्याच नाहीत.

"बाबा, गोळ्या?"

"अगं, बरं वाटतंय की आता. उपाशीपोटी मळमळतं. पाळीला उशीर होतो."

मी ओरडले असते. त्याआधीच्या वर्षी नक्की ओरडले असते. त्या दिवशी मी एस.वाय.ची वही काढली आणि मागचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"हा एक जंतू आहे, साधा. वीस मिनिटांत एकाचे दोन. सकाळी आठला एक सोडला तर संध्याकाळी सहाला १०७ कोटी."

बाबांनी चष्मा लावला. आकडा बोटाने मोजला, एकं दहं करत. "आणि माझा?"

"तुमचा वीस तासांनी एकाचे दोन. सकाळी आठला एक सोडलात तर संध्याकाळी सहाला एकच."

"मग हा बरा की. गरीब आहे."

"गरीब नाही बाबा. सावकाश आहे. औषध मारतं ते वाढणाऱ्याला. वाढताना त्याला भिंत बांधावी लागते, आत कामं काढावी लागतात, तेव्हा तो सापडतो. पहिल्या दोन महिन्यांत असे बहुतेक मेले, म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. पण काही जवळजवळ झोपून आहेत. ते कधी हलतात, तेव्हा गोळी अंगात असायला हवी. कधी हलतील ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून रोज."

मी त्यांना रॉबर्ट कॉखचं सांगितलं. २४ मार्च १८८२ रोजी त्याने बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला. इतर जंतू एक-दोन दिवसांत उगवून येतात. याच्या नळ्यांमध्ये पहिला आठवडाभर काहीच दिसत नव्हतं, तरी त्याने त्या फेकल्या नाहीत, दुसऱ्या आठवड्यात ठिपके दिसले. आजही घन माध्यमावर हा जंतू वाढवायचा तर काही आठवडे थांबावं लागतं.

बाबा बराच वेळ पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे रिअॅक्टर वरून थंड दिसला, ढवळणं नीट चाललंय, तरी क्वालिटीवाल्यांनी सॅम्पल पास केल्याशिवाय बॅच अनलोड करत नाहीत. एकदा एकाने केली होती. आख्खी बॅच गेली. वरून परत चालवता पण येईना, कारण अर्धवट झालेला माल दुसऱ्याच कशात तरी बदलला होता."

औषधाला दाद न देणारा क्षय कसा तयार होतो, हे मी परीक्षेत दीड पानात लिहिलं होतं. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं.

त्या दिवशी आम्ही दोघं केंद्रात गेलो, चार डोस बुडल्याचं सांगितलं. तिथल्या ताईंनी रागावून घेतलं, मळमळीवर गोळी दिली, चुकलेले डोस शेवटी वाढवले. बाबांनी रात्री झोपताना कालनिर्णयाची पुढची पानं उलटून १६८व्या डोसाची तारीख काढली आणि तिथे पेन्सिलीने गोल केला. त्यानंतर एकही चौकोन रिकामा राहिला नाही. शेवटच्या तपासणीत बेडक्यात जंतू नव्हते.

आता मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहे, नवी मुंबईतच. काकांच्या हिशेबातली पाच वर्षं सहा होतील असं दिसतंय. पेशींना रविवार नसतो, त्यामुळे मलाही बरेचदा नसतो. गेल्या रविवारी सकाळी सॅक उचलली तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते.

"आज पण?"

"मीडियम बदलायचंय बाबा. शुक्रवारी बदललं होतं."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला, चप्पल घातली. "चल, स्टेशनपर्यंत येतो. कालपासून पिवळं पडलं असेल ते."